जीपच्या गियरची डुगडुगती दांडी

खेड्यापाड्यांतून अजून धावणाऱ्या जुन्या जीपगाड्या तुम्ही पाहिल्याच असतील. कुणी त्यांतून दुधाचे कॅन नेतो, कुणी डाळिंबाचे क्रेट, तर कुणाच्या अंगणात ती वडिलांची आठवण म्हणून उभी असते. अशा गाडीत पुढच्या बाकावर बसले की मधोमध उभी असलेली गियरची दांडी पहिल्यांदा डोळ्यांत भरते. गाडी जागच्या जागी उभी, इंजिन चालू, आणि दांडी मात्र अंगात आल्यासारखी घुमते आहे! मालकाला विचारावे तर तो हसून म्हणतो, "जुनी गाडी आहे, चालायचंच." आज मला सांगावयाचे आहे ते एवढेच की, हे 'चालायचंच' खरे नव्हे. दांडी ढिली होते ती गाडीच्या वयामुळे नव्हे, दोनतीन ठराविक जागी धातू झिजल्यामुळे. त्या जागा बहुतेक वेळा गियरबॉक्सच्या पोटात नसतात, तिच्या डोक्यावर असतात. त्या ओळखता आल्या तर एका सकाळीत आणि थोडक्या पैशांत काम होते. ओळखता आल्या नाहीत तर अख्खी गियरबॉक्स खाली उतरते, आणि उतरलेली गियरबॉक्स पुन्हा चढेपर्यंत काय काय बदलावे लागते हे ज्याच्यावर प्रसंग आला त्यालाच विचारावे.

मी जिच्याविषयी बोलणार आहे ती गाडी मूळची अमेरिकन. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ पासून, विलीज कंपनीने ती सैन्यासाठी हजारोंनी बनवली. १९४७ साली महिंद्र कंपनीने मुंबईत तिचे सुटे भाग आणून जोडणी सुरू केली, आणि पुढे ती इथेच बनू लागली. सीजे-३बी ह्या नमुन्याची उंच नाकाची जीप आपल्याकडे पाटबंधाऱ्यापासून पोलिसांपर्यंत सगळ्या खात्यांत फिरली. लिलावात निघाली तेव्हा ती शेतकऱ्यांच्या गोठ्याशेजारी येऊन उभी राहिली. तिच्या पोटात टी-९० नावाची तीन गियरची पेटी असते. नंतरच्या डिझेल जीपगाड्यांत चार गियर आले, १९८५ साली मारुतीची जिप्सी आली. पण दांडीची रचना सगळ्यांत मुळात एकच. म्हणून जीपचे कळले की बाकीच्यांचे निम्मे कळलेच म्हणून समजा.

ढिली दांडी म्हणजे केवळ कानाला आणि हाताला होणारा त्रास असता तर मी हा विषय घेतला नसता. वरंध किंवा कुंभार्ली घाटासारखा उतार डोळ्यांपुढे आणा. गाडीत माणसे भरलेली, ब्रेक तापलेले. अशा वेळी शहाणा चालक खालचा गियर घालून इंजिनच्या ओढीवर गाडी रोखून धरतो. त्याने क्लच दाबला, दांडी मागे ओढली, आणि दांडी नुसतीच आली, गियर पडलाच नाही, तर गाडी त्या क्षणी मोकळी सुटलेली असते. सपाट रस्त्यावर ज्या ढिलाईवर आपण हसतो, ती उतारावर अशी हिशेब मागते.

आता ही दांडी करते तरी काय? गियरबॉक्सच्या झाकणावर ओतीव लोखंडाचे एक उभे नळकांडे असते. आपण त्याला दांडीचे घर म्हणू. त्या घरात दांडीचा एक गोळा बसलेला असतो. आपल्या खांद्याचा सांधा असतो ना, खोबणीत गोळा, अगदी तसा. गोळ्यावर मूठ धरण्याची लांब बाजू, गोळ्याखाली बोटाएवढे आखूड टोक. हे टोक खाली पेटीत दोन खाचांपैकी एकीत उतरते. प्रत्येक खाच एका फोर्कची असते. फोर्क म्हणजे बेचक्याच्या आकाराचा लोखंडी तुकडा. तो आतले चाक मागेपुढे सरकवतो. तीन गियरच्या जीपमध्ये एक फोर्क पहिला गियर आणि रिव्हर्स सांभाळतो, दुसरा फोर्क दुसरा आणि तिसरा. दांडी आडवी हलवली की टोक एका खाचेतून दुसऱ्या खाचेत जाते. पुढेमागे हलवली की ज्या खाचेत ते असेल तो फोर्क सरकतो. गोळा घरात दाबून धरायला एक जाड स्प्रिंग असते, आणि दांडी स्वतःभोवती गरगर फिरू नये म्हणून गोळ्याच्या खोबणीत एक पिन अडकवलेली असते. एवढाच सगळा कारभार.

शिक्षकबंधूंना हे ऐकता ऐकताच लक्षात आले असेल की ही पहिल्या प्रकारची तरफ आहे. मध्ये टेकू, एका बाजूला बल, दुसऱ्या बाजूला भार. तरफेचा धडा शिकवताना आपण कात्री आणि पहार सांगतो. एकदा शाळेच्या आवारात जीप उभी करून मुलांना ही दांडी दाखवावी. एक साधा हिशेबही त्यांच्याकडून करून घेता येतो. समजा, गोळ्याच्या मध्यापासून मूठ ४५ सेंटिमीटरवर आहे आणि खालचे टोक साडेसात सेंटिमीटरवर. म्हणजे वरची बाजू खालच्या बाजूच्या सहापट. टोक खाचेत एक मिलिमीटर सैल झाले की मूठ सहा मिलिमीटर हलणार. आता दुसरी बाजू पाहा. टोक खाचेत घट्ट आहे पण गोळाच घरात एक मिलिमीटर सरकतो आहे, अशा वेळी टोक हाच टेकू होतो, आणि मूठ त्याच्यापासून साडेबावन्न सेंटिमीटरवर असल्यामुळे सात मिलिमीटर हलते. दोन्ही मिळून तेरा मिलिमीटर, म्हणजे अर्ध्या इंचाहून थोडे अधिक. झीज डोळ्यांना दिसेल न दिसेल एवढी, आणि मुठीला मात्र बोटभर हालचाल! ज्यांच्याकडे जीप नाही त्यांनी ३० सेंटिमीटरची लाकडी पट्टी घ्यावी, ५ सेंटिमीटरच्या खुणेवर भोक पाडून खिळ्यावर टांगावी, आणि मग ते भोक थोडे मोठे करून पट्टीचे वरचे टोक किती हिंदकळते ते मोजावे. मुले हा प्रयोग विसरत नाहीत.

म्हणून माझे पहिले सांगणे हे की, दांडी फार हलते म्हणजे आत फार बिघडले आहे, असे समजून घाबरू नये. तरफ लहानसा दोष मोठा करून दाखवते. आमच्या ओळखीच्या एका बागाईतदाराला तालुक्याच्या ठिकाणी सांगण्यात आले होते की गियरबॉक्स पार गेली. उघडून पाहिले तेव्हा गोळ्यावरची स्प्रिंग मधोमध तुटलेली निघाली. बाकी पेटी चांगली होती.

ढिलाई कुठे आहे हे शोधायला हत्यार लागत नाही. गाडी सपाट जागेवर उभी करावी, इंजिन बंद करावे, आणि चाकांना पुढून मागून दगड लावावेत. दगडांचे विसरू नका. तपासताना गियर न्यूट्रलमध्ये असणार, म्हणजे इंजिनचा आधार नाही. जुन्या जीपचा हातब्रेक चाकांवर नसतो, तो मागच्या प्रोपेलर शाफ्टच्या तोंडाशी एका ड्रमवर असतो. मागचे एक चाक जॅकने उचलले की हा ब्रेक असून नसल्यासारखा होतो, कारण डिफरन्शियलमुळे उचललेले चाक उलटे फिरून जमिनीवरच्या चाकाला वाट करून देते. आपल्या कामाला जॅक लागणारच नाही; पण लावायचीच सवय असेल त्याच्यासाठी सांगून ठेवतो.

आता मूठ धरून दांडी सरळ वर ओढा आणि मग खाली दाबा. तिला स्प्रिंगचा करकरीत विरोध जाणवला पाहिजे. ती खडखड वर आली आणि खडखड खाली पडली, तर स्प्रिंग तुटली आहे किंवा मेली आहे. मग मूठ पिळा, जणू दांडीच स्क्रू आहे. किंचित पिळली तर हरकत नाही; घड्याळाच्या काट्याने पाच मिनिटांचे अंतर कापावे तेवढी फिरली, तर पिन आणि तिची खोबण झिजली आहे. तिसरे, दुसरा गियर घाला आणि दांडी हलकेच पुढेमागे करा. गियरमध्ये असताना जी मोकळी हालचाल मिळते ती टोकाची आणि खाचेची. दुसऱ्या हाताची बोटे घराच्या तोंडाशी ठेवली तर गोळा स्वतः सरकतो आहे का हेही बोटांना कळते. मिस्त्री लोक ह्या सगळ्यालाच 'प्ले' म्हणतात. शब्द चांगला आहे. पण प्ले आहे एवढे सांगून भागत नाही, कुठे आहे ते सांगता आले पाहिजे.

चौथी तपासणी दोन माणसांची. एकाने इंजिन चालू करून, ब्रेक दाबून, पहिल्या गियरमध्ये क्लच किंचित सोडून पुन्हा दाबावा. दुसऱ्याने बाजूला उभे राहून, गाडीच्या पुढे किंवा मागे कदापि नाही, पेटीकडे पाहावे. क्लच धरताना दांडीबरोबर अख्खी पेटीच उचलते आहे असे दिसले तर दोष दांडीचा नाही. पेटीखाली आणि इंजिनखाली रबराच्या बैठका असतात, त्यांना माउंटिंग म्हणतात. तेल पिऊन पिऊन ते रबर फुगते, मऊ होते, फाटते. अशा गाडीची दांडी कितीही घट्ट केली तरी नाचणारच, कारण जिच्यावर ती उभी आहे ती जमीनच हलते आहे. माउंटिंग बदलावे आणि मगच पुढचा विचार करावा. चालू इंजिनाला थोडी थरथर मात्र राहतेच. चार सिलिंडरच्या जुन्या इंजिनची ती जातच आहे.

एक गोष्ट वेगळी काढून ठेवली पाहिजे, कारण तिथे फार गल्लत होते. गाडी चालता चालता, विशेषतः उतारावर ॲक्सिलरेटर सोडल्यावर, दांडी आपोआप न्यूट्रलला येते. ह्याला गियर सुटणे म्हणतात. ह्याचा गोळ्याशी आणि स्प्रिंगशी बहुधा संबंध नसतो. फोर्क ज्या सळईवर सरकतो तिच्यावर छोट्या खाचा असतात, आणि एक पोलादी गोळी लहान स्प्रिंगच्या जोराने त्या खाचेत बसते. कपाटाच्या दाराला गोळीचा खटका असतो तसाच हा खटका. गोळीची स्प्रिंग मेली, खाच झिजली, आतल्या चाकांचे दाते गोलटले किंवा शाफ्टच मागेपुढे सरकू लागला, तर गियर सुटतो. कधी कारण फारच साधे असते: इंजिनला पेटी जोडणारे बोल्ट ढिले होतात आणि पेटी तिरकी बसते. म्हणून आधी ते बोल्ट पान्याने तपासून घ्यावेत. तेवढ्याने भागले नाही तर मात्र काम जाणत्या मिस्त्रीचे आहे, आणि तिथे पैसे वाचवू नयेत. हाताने दांडी दाबून धरून घाट उतरणारे बहाद्दर मी पाहिले आहेत. त्यांचे कौतुक मला करवत नाही.

आता दुरुस्तीकडे वळू. पायाखालचा पत्रा काढला की पेटीचे झाकण आणि दांडीचे घर दिसते. सगळ्यात आधी ती जागा ब्रशने आणि डिझेलच्या चिंधीने स्वच्छ करावी. एरवी पहिला बोल्ट निघताच वर्षानुवर्षांची माती गियरबॉक्सच्या तेलात पडते, आणि आपण दांडी दुरुस्त करता करता बेअरिंगांचे नुकसान करून बसतो. दांडी घरातून काढण्याची रीत गाडीगणिक थोडी बदलते. कुठे वरची टोपी दाबून डावीकडे फिरवली की सुटते; जिप्सीत अशीच रीत आहे. कुठे टोपीला आटे असतात. कुठे स्प्रिंग घराच्या आतून बसवलेली असते, आणि मग बोल्ट काढून घर झाकणासकट उचलावे लागते. घर उचलण्याआधी गियर न्यूट्रलमध्ये आहे ना, हे पाहावे. उचलल्याबरोबर उघड्या पेटीच्या तोंडावर स्वच्छ फडके पसरावे. एखादे वॉशर आत पडले तर ते दात्यांच्या मध्ये सापडेपर्यंत आपल्याला झोप लागत नाही, आणि सापडल्यावर तर मुळीच लागत नाही.

काढलेले भाग डिझेलमध्ये धुऊन उजेडात पाहावेत. स्प्रिंग तुटली असेल तर नवीनच घालावी. ती दबून आखूड झाली असेल, तर तिच्याखाली एखादे पातळ वॉशर टाकून तात्पुरते काम होते. पण जाड वॉशर टाकले की गोळा आवळला जातो आणि दांडी इतकी जड होते की गियर पडला की नाही हे हाताला कळेनासे होते. पिन झिजून एका बाजूने चपटी झालेली सापडते. ती बदलणे सगळ्यात स्वस्त काम. तीच पिन फिरवून नवी बाजू पुढे आणणे हा त्याहून स्वस्त उपाय, आणि काही महिने तो चालतोही.

गोळ्याची खोबण किंवा खालचे टोक झिजले असेल तर दोन वाटा आहेत. एक, नवीन दांडी. जुन्या जीपचे भाग अजून बाजारात मिळतात, तेव्हा आधी चौकशी करावी. दुसरी वाट वेल्डिंगची. झिजलेल्या जागी धातूचा थर चढवायचा आणि कानशीने घासून मूळ आकार आणायचा. काम हलक्या हाताचे आहे. आधी पत्र्याचा एक साचा कापून घ्यावा: टोकाची जी बाजू कमी झिजली आहे तिच्यावरून, आणि खाचेची रुंदी प्रत्यक्ष मोजून. घासताना सारखा हा साचा लावून पाहावा. टोक खाचेत सहज सरकले पाहिजे, पण खडखडता कामा नये. वेल्डिंगची कांडी साधी, मऊ धातूची असेल तर तो थर लवकर झिजतो. कठीण धातूची कांडी वापर म्हणून वेल्डरला आधीच सांगावे. आणखी एक, तापून लाल झालेली दांडी घाईने पाण्यात बुडवू देऊ नये. पोलाद अशाने कडक होते, पण ठिसूळही होते, आणि ऐन वेळी टोक मोडते. तिला आपली आपण निवू द्यावी. वेल्डिंग नेहमी दांडी गाडीबाहेर काढूनच करावे. पेट्रोलच्या टाकीशेजारी, तेलकट पेटीवर, बॅटरी जोडलेली असताना ठिणग्या उडवणारे वेल्डर असतात. त्यांना आपल्या गाडीला हात लावू देऊ नये.

घराची खोबणच झिजून लंबगोल झाली असेल तर तिथे वेल्डिंगच्या भानगडीत पडू नये. ओतीव लोखंड साध्या वेल्डिंगला दाद देत नाही, तडकते. मोडीत निघालेल्या गाडीचे चांगले घर मिळवावे, किंवा लेथवाल्याकडून आत बुश बसवून घ्यावे. जिप्सीवाल्यांचे काम सोपे आहे. तिथे गोळ्याखाली प्लॅस्टिकची बैठक असते, ती उन्हाने आणि वयाने कडक होऊन भुगा होते, आणि बदलली की दांडी नव्यासारखी वाटते. त्या भुग्याचे तुकडे मात्र पेटीतून वेचून काढावेत.

गोळ्याभोवती सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळणे, सुतळी भरणे, घरात कापसाचा बोळा कोंबणे, असे उपाय लोक करतात. पहिले आठ दिवस दांडी खरोखर शांत होते. मग तेलाने रबर फुगते, सुतळीचे धागे सुटून पेटीत उतरतात. वाटेत अडकलेल्याने घरी पोचण्यापुरते केले तर समजू शकतो. ते कायमचे ठेवणे बरे नव्हे.

दांडी फार झिजली की होणारा एक प्रकार प्रत्येक जीपवाल्याला माहीत असायला हवा. टोक इतके बारीक होते की एक फोर्क गियरमध्ये असतानाच ते त्याच्या खाचेतून निसटते. मग दांडी मोकळी फिरते, पण गाडी त्या गियरमधून निघत नाही. दोन गियर एकदम पडू नयेत म्हणून दोन्ही सळयांच्या मध्ये एक आडवी पिन ठेवलेली असते; एक सळई सरकली की ती दुसरीला अडवते. ती पिनही झिजलेली असेल तर दोन गियर खरोखरच एकदम पडतात. आतले चाक एकाच वेळी दोन वेगांनी फिरू शकत नाही, म्हणून सगळेच जाम होते: क्लच दाबला तरी चाके हलत नाहीत. अशा वेळी इंजिनच्या जोराने सोडवायला जाऊ नये, दाते मोडतील. गाडी रस्त्याच्या मध्ये अडली असेल तर एक युक्ती आहे. जीपमध्ये मोठ्या दांडीशेजारी ज्या दोन लहान दांड्या असतात, त्यांतली हाय-लोची दांडी मधोमध, न्यूट्रलला आणावी. चाकांचा गियरबॉक्सशी संबंध सुटतो आणि गाडी ढकलून कडेला घेता येते. उतारावर हे करण्याआधी ब्रेकवर माणूस बसवा. कडेला आल्यावर चाकांना दगड लावून घर उचलावे. खाली पाहिले तर दोन खाचा एका रेषेत नसतात. जी पुढे किंवा मागे गेली असेल तिला जाड पेचकसाने हळूच सरकवावे. अडली तर गाडी किंचित मागेपुढे हलवावी. खटका बसल्याचा आवाज येतो. दोन्ही खाचा समोरासमोर आल्या की दोन्ही फोर्क न्यूट्रलमध्ये आले. मग टोक खाचेत घालून घर परत बसवावे. हे काम रस्त्यावर वीस मिनिटांत होते, पण ते झाले की पुढचा थांबा दुरुस्तीचाच असला पाहिजे.

त्या लहान दांड्यांविषयी दोन शब्द. एक पुढच्या चाकांना ओढ देते, दुसरी वेग निम्म्याहून कमी करून जोर वाढवते. ह्यांना गोळा नसतो. त्या एका आडव्या पिनेवर झुलतात. खडखडतात त्या ती पिन कोरडी पडून झिजते म्हणून. पिन काढून, पुसून, ग्रीस लावून बसवली की आवाज निम्मा होतो. झिजली असेल तर लेथवाला तशीच नवी करून देतो. पुढची चाके जोडल्याशिवाय लोचा गियर पडत नाही, ही बिघाडाची खूण नव्हे. पेटीत तशी अडवणूक मुद्दाम केलेली असते, नाहीतर लोचा सगळा जोर एकट्या मागच्या आसावर येईल. तो पडत नाही म्हणून दांडीला लाथ घालणारे असतात; त्यांच्यामुळेच ह्या दांड्या वाकतात.

आता सगळे परत जोडताना. गोळ्याला आणि स्प्रिंगला ग्रीस लावावे. झाकणाखालचे कागदी पॅकिंग फाटले असेल तर नवे कापावे, नाहीतर तेल पाझरेल. बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करून आवळावेत. पत्रा बसवण्याआधी इंजिन बंद ठेवून, क्लच दाबून सगळे गियर एकदा हाताने घालून पाहावेत, रिव्हर्ससकट. एखादा पडलाच नाही तर जोर करू नये. बंद पेटीत दाते कधी कधी समोरासमोर येतात, गाडी वीतभर हलवली की पडतो. पेटीच्या बाजूचा प्लग काढून तेलही पाहून घ्यावे. गाडी सपाट उभी असताना तेल भोकाच्या काठाला लागले पाहिजे. तेल मागताना गियरचे नव्वद नंबरचे, जीएल-४ असे सांगावे. जीएल-५ अधिक भारी म्हणून दुकानदार पुढे करतो, पण जुन्या पेट्यांत पितळी कड्या असतात आणि त्यातली गंधकयुक्त द्रव्ये पितळेला मानवत नाहीत.

शेवटी उरला तो रबरी बूट, म्हणजे दांडीच्या पायाशी बसणारी काळी टोपी. मला विचाराल तर सगळ्या ढिलाईची सुरुवात बहुधा इथून होते. बूट फाटला की रस्त्याची धूळ, कोकणात तांबडी आणि देशावर काळी, थेट गोळ्यावर पडते. गोळ्यावर ग्रीस असते. धूळ आणि ग्रीस एकत्र आले की पॉलिश कागदासारखे काम करतात, आणि प्रत्येक गियरबरोबर गोळा घासला जातो. नवा बूट स्वस्त असतो. तो चढवायला मात्र वरची मूठ काढावी लागते, किंवा दांडीच बाहेर असावी लागते. म्हणून बूट आधी आणून ठेवावा आणि ह्याच दिवशी, दांडी हातात असतानाच, तिच्यात ओवून घ्यावा.